कायम कामगारांची हंगामी घरं

पाडलेल्या चाळीविषयी बोलायला चार माणसं बसली की थोड्याच वेळात सगळी एका वाक्याशी येऊन थांबतात: घरं लहान होती, पण मनं मोठी होती. मग कुणीतरी वाटीभर साखरेची उसनवारी काढतं, कुणी गणपतीतला पडद्यावरचा सिनेमा काढतं, आणि हल्लीच्या फ्लॅटमध्ये शेजारी कोण राहतो हेही माहीत नसतं या हळहळीवर बैठक संपते. हे सगळं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. माझं लहानपण इंदापूर तालुक्यातल्या अशाच एका चाळीत गेलं. ती आता उभी नाही, आणि उसनी साखर मीही आणलेली आहे. पण हे वाक्य अपुरं आहे. त्यात मनांची मापं आहेत, घरांची मापं आहेत, आणि घर कुणाच्या मालकीचं होतं याचा उल्लेखच नाही.

माझं म्हणणं असं. चाळीतला जिव्हाळा खरा होता, पण तो स्वयंभू नव्हता. ठरलेल्या तारखेचा पगार, सगळ्यांना एकच भोंगा आणि नोकरीसोबत मिळालेली खोली या व्यवस्थेतून तो तयार झाला. आणि घर नोकरीला बांधलेलं असणं, या ज्या एका गोष्टीमुळे तो तयार झाला, तिच्यामुळेच ती चाळ पुढे इतक्या सहज पाडता आली. जिव्हाळ्याची आठवण काढायची आणि मालकीचा प्रश्न गाळायचा, हे चालणार नाही. दोन्ही एकाच विटेच्या दोन बाजू आहेत.

१. कागदांचा तालुका

बारामती-इंदापूरचा हा पट्टा कागदाच्या बाबतीत साधा नाही. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात रयतवारीची जी मोजणी पुढे नमुना ठरली, ती गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी १८३५च्या सुमारास इंदापुरात सुरू केली. शेताला नंबर, नंबराला दगड, दगडाला सारा आणि साऱ्यापुढे एक नाव, ही रीत इथल्या मातीवर घडली. चाळीस वर्षांनी, १२ मे १८७५ला, आज बारामती तालुक्यात असलेल्या सुप्यात बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जरोखे जाळले. आपल्याला कोण बुडवतं हे त्या माणसांना नेमकं कळलं होतं: कागद.

नंतर पाणी आलं. १८७६-७७च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा खोदला गेला आणि १८८०च्या दशकात त्याचं पाणी या दोन तालुक्यांत खेळू लागलं. पाण्यामागून ऊस आला, आणि ऊस एकरी-दोन एकरीत परवडत नाही अशा काळात मोठ्या भांडवलाने इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या. वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर कारखाना आणि त्याभोवती वालचंदनगर उभं केलं ते १९३०च्या दशकात. परदेशी साखरेपासून देशी कारखान्यांना संरक्षण देणारा कायदा १९३२चा, म्हणजे ही वेळही हिशेबाचीच होती. जमीन देणारा शेतकरी ‘खंडकरी’ झाला. त्याच्याकडे सातबारा राहिला, कंपनीकडे खंडाचा करार राहिला.

तिसरा माणूस आला तो या दोघांच्या मधून: रात्री दारं धरणारा, बेणं तोडणारा, चरकावर मोळ्या टाकणारा, बॉयलरपुढे उभा राहणारा. आसपासच्या गावांतून, माणदेशातून, मराठवाड्यातून तो आला, आणि त्याच्याकडे होतं फक्त हजेरीकार्ड. जमिनीच्या कागदावर त्याचं नाव यायला कुठे जागाच नव्हती. सातबाऱ्यात ‘इतर हक्क’ नावाचा रकाना असतो. त्यात कुळ येतं, बोजा येतो, विहिरीतला हिस्सा येतो. चाळीत चाळीस वर्षं राहिलेला मजूर त्यात येत नाही.

२. कसेल त्याची, पण कसणारा कोण?

इथे कूळकायद्याची गोष्ट थोडी सावकाश पाहावी लागते. १९४८च्या कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि लाखो कुळं कसत असलेल्या जमिनीची मालक झाली. महाराष्ट्रात झालेल्या मोठ्या कामांपैकी हे एक, यात वाद नाही. पण ‘कसेल त्याची जमीन’ या घोषणेतला कसणारा म्हणजे खंड देऊन कसणारा; मजुरी घेऊन कसणारा तिच्यात बसत नाही. साखर कारखान्यांच्या बाबतीत तर मौजच आहे. तिथे कागदोपत्री कूळ होती खुद्द कंपनी! उद्योगांनी खंडाने घेतलेल्या जमिनी कूळकायद्याच्या मुख्य तरतुदींतून वगळल्या होत्या, नाहीतर कसणारी म्हणून कंपनीच मालक होऊन बसली असती. ज्याच्या पायाला चिखल लागला तो या सगळ्या वादात पक्षकारसुद्धा नव्हता.

मग १९६१चा कमाल जमीनधारणेचा कायदा आला. कारखान्यांच्या ताब्यातली हजारो एकर जमीन सरकारकडे गेली आणि ती एकसंध ठेवून ऊस पिकवायला १९६३मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झालं. इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर आणि रत्नपुरी हे मळे त्यातलेच. जमिनीबरोबर मळ्यातली माणसंही महामंडळाकडे आली. मालक बदलला, खोली तीच, नळ तोच, मुकादमही बहुधा तोच.

पुढे खंडकऱ्यांनी अनेक वर्षं लढून जमिनी परत मागितल्या आणि कायद्यात दुरुस्त्या होऊन २०१२नंतर त्या मिळू लागल्या. मळे आटत गेले आणि राज्यभरच्या अशा वसाहती कामाविना उरल्या. काही मोडकळीला आल्या, काही पाडल्या गेल्या, काहींचे पत्रे आणि चौकटी निघाल्यावर भिंती दोन पावसाळ्यांत आपोआप बसल्या. घरासाठी दोन गुंठे जागा मिळावी ही कामगारांची मागणी या काळातली. हजारो एकरांच्या हिशेबात दोन गुंठे!

३. जिव्हाळा कुठून आला

आता चाळीकडे येऊ. चाळीतली उसनवारी हे मोठ्या मनाचं लक्षण मानलं जातं. मी तिला पगाराच्या तारखेचं लक्षण मानतो. शेजारणीला साखर देताना देणारीला ठाऊक असायचं की तिच्या घरी पगार ठरल्या दिवशी येणार, कारण तो आपल्याही घरी त्याच दिवशी येणार आहे. वाण्याची वही याच भरवशावर चालायची. कुणाच्या घरी आजारपण निघालं की वर्गणी जमायची, कारण सगळे ‘कायम’ होते. कायम हा आमच्याकडे नुसता शब्द नव्हता, ती पदवी होती. सोयरीक जुळवताना मुलाचा रंग-उंची नंतर. आधी विचारायचे, कायम आहे का हंगामी?

भोंगा हे दुसरं कारण. पाळी बदलली की अख्खी ओळ एका वेळी उठायची, एका वेळी जेवायची. आंघोळीचं पाणी, दळणाची वेळ, मुलांच्या शाळेचे डबे, सगळं त्या आवाजावर बांधलेलं. ज्यांचा दिवस एकसारखा असतो त्यांना एकमेकांसाठी वेळ काढावा लागत नाही. तो आपोआप जुळलेला असतो. फ्लॅटमध्ये शेजारी अनोळखी राहतो तो माणसं कोती झाली म्हणून नव्हे. एक जण रात्री अकराला कॉल सेंटरवरून येतो, दुसरा पहाटे पाचला एमआयडीसीच्या बसला उभा राहतो, तिसऱ्याचं कंत्राट मार्चअखेर संपणार असतं. ज्याचं मार्चनंतरचं काही ठरलेलं नाही त्याला मार्चमध्ये उसने पैसे कोण देणार?

आणि या जिव्हाळ्याला कुंपण होतं, हेही सांगून टाकतो. साहेबांचे बंगले वेगळे, बाबूंचे क्वार्टर वेगळे, कामगारांच्या चाळी वेगळ्या, हा नकाशा कारखान्याच्या कुठल्याही वसाहतीत दिसतो. हुद्द्याने पाडलेल्या या रेघांच्या आत पुन्हा जातीच्या रेघा. नळ एकच असला तरी रांग एकच असायची असं नाही. कुणाची घागर कुणाच्या घागरीला लागली यावरून झालेली भांडणं मी ऐकलेली आहेत. बायकांचं काम तर हजेरीकार्डावरही नव्हतं. मोरीसाठी आडोसा नसलेल्या खोलीत चार मुलं वाढवणाऱ्या बाईला ‘मनं मोठी होती’ हे वाक्य आज ऐकवून पाहा. माझ्या आईला ऐकवलं होतं. ती म्हणाली, “संडासाची रांग मोठी होती, ते लिही.”

४. पाडणं जेसीबीच्या आधी सुरू होतं

चाळ पाडली म्हटलं की डोळ्यांपुढे पिवळं यंत्र येतं. ते सगळ्यात शेवटी येतं. आधी नवी भरती थांबते. निवृत्त झालेल्याच्या जागी मुलगा लागत नाही. मग कौलं बदलायला माणूस येईनासा होतो, नळाची वेळ अर्ध्यावर येते, दिव्याच्या खांबावरचा बल्ब गेला तर गेलाच. काही खोल्यांना कुलपं लागतात. भोंगा बंद होतो, आणि दोन-तीन दिवस लोकांना उठायला उशीर होतो. ज्या दिवशी यंत्र येतं त्या दिवशी पाडायला भिंतीच फक्त उरलेल्या असतात.

आणि त्या भिंतींना कायद्याचं कवच नसतं. मुंबईच्या चाळीशी तुलना केली की हे स्वच्छ दिसतं. मुंबईत १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने खोलीवाल्याला भाडेकरू म्हणून हक्क दिला. पुढे पागडी, पुनर्विकास, मोर्चे, सगळं त्या हक्कावर उभं राहिलं. सरकारने बांधलेल्या चाळींतही राहणाऱ्याचा हक्क मानला गेला. बीडीडी चाळी घ्या: वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी मिळून २०७ इमारती, १६० चौरस फुटांच्या खोल्या. यांपैकी शिवडी सोडून बाकी तिन्ही ठिकाणच्या पुनर्विकासात रहिवाशाला ५०० चौरस फुटांचं घर मालकीने मिळतं, आणि वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५मध्ये किल्ल्या मिळाल्या. या कामाला किती वर्षं लागली आणि कोण वाटेत गळलं हा वेगळा विषय. मुद्दा एवढाच, की तिथली चाळ पडली तरी राहणाऱ्याचा हक्क पडला नाही.

कंपनीच्या क्वार्टरचं उलटं आहे. ती भाड्याची नसते, नोकरीसोबतची सवलत असते. नोकरी संपली की मुक्काम बेकायदा. १९५६च्या कंपनी कायद्याच्या कलम ६३०ने कंपनीची मालमत्ता अडवून ठेवणं हा फौजदारी गुन्हा ठरवला होता, आणि नोकरदार वारल्यावर मागे राहिलेल्या घरच्यांनाही ते लागू होतं असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये दिला. २०१३च्या नव्या कायद्यात कलमाचा आकडा बदलून ४५२ झाला, आशय राहिला. नवरा गेल्यावर तेरावा उरकूनही खोली रिकामी न करणारी बाई या कलमाच्या भाषेत ‘ताबा अडवणारी’ असते. चाळीत तिला सगळे काकू म्हणत असतील; कागदाला काकू कळत नाही.

५. कोपीचा धडा

कायम आणि हंगामी यांतलं अंतर आम्ही फार मोठं मानायचो, आणि त्याचा पुरावा दरवर्षी दसऱ्यानंतर समोर यायचा. बीड, नगरकडून ऊसतोड कामगार मुकादमाची उचल घेऊन येत. कारखान्याच्या कडेला किंवा फडाजवळ पाचट आणि बांबूंच्या कोप्या उभ्या राहत, त्यांचा तळ पडे. पहाटे बायका वाढं विकायला चाळीत येत. गाळप संपून पट्टा पडला की आठवड्यात सगळं उठून जाई. मागे चुलीचे काळे दगड आणि तुटकी चप्पल. आमच्यातली मोठी माणसं हळहळत, “बिचाऱ्यांचं कसलं आलंय घर!”

कोपी दरवर्षी मोडते आणि चाळ चाळीस वर्षांनी मोडते, एवढाच फरक होता हे तेव्हा कुणाला सांगितलं असतं तर मारायला उठले असते. पण हिशेब तोच आहे. काम आहे तोवर निवारा, काम संपलं की तळ उठवा. कायम कामगाराचा हंगाम जरा लांब होता. त्याच्या घराला विटा होत्या म्हणून त्याला ते घर वाटलं, त्याने दारापुढे जास्वंद लावली, उंबऱ्याला पितळी पट्टी ठोकली. कोपीवाला निदान फसला तरी नव्हता.

६. येणारे आक्षेप

पहिला आक्षेप न्यायाचा: जमीन मुळात खंडकऱ्याची, ती त्याला परत मिळाली, यात चूक काय? काहीच नाही. ज्यांच्या आज्याने नाममात्र खंडावर जमीन दिली आणि ज्यांनी ती परत मिळवायला हयात घालवली, त्यांचा हक्क मी एका इंचानेही कमी करत नाही. माझा मुद्दा न्यायाच्या मोजणीबद्दल आहे. शेतकरी, कंपनी आणि मजूर या तिघांपैकी दोघांची मोजणी झाली आणि तिसऱ्याचा दगडच रोवला गेला नाही. एकाला न्याय देताना दुसऱ्याला वाऱ्यावर सोडलंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. तो आळस आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: त्या खोल्या गळक्या, धोकादायक होत्या. लोकांना घरकुलं मिळाली, मुलं शिकली, बारामतीच्या एमआयडीसीत लागली, पुण्याला गेली. चाळ टिकवून काय करायचं होतं, संग्रहालय? हा आक्षेप मला सगळ्यात आवडतो, कारण तो निम्मा बरोबर आहे. चाळ टिकायला हवी होती असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पण घरकुलालाही आधी स्वतःची जागा लागते, आणि ज्याचं गाव तीन पिढ्यांपूर्वी सुटलं त्याची जागा कुठे? मूळ गावात त्याला ‘मळ्यावरचे’ म्हणतात, इथल्या गावात ‘बाहेरचे’. मुलांचं म्हणाल तर, शिकलेला मुलगा आज बारामतीत कंत्राटदाराच्या रजिस्टरवर आहे आणि अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहतो. बापाची खोली नोकरीला बांधलेली होती. मुलाची कशालाच बांधलेली नाही. याला प्रगती म्हणायचं की आणखी लहान हंगाम, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिसरा आक्षेप आठवणींवरच आहे. आठवण हा पुरावा होऊ शकतो का? माणूस चांगलं तेवढं ठेवतो, वर्षं चुकवतो, दुसऱ्याची गोष्ट आपली म्हणून सांगतो. मान्य. पण सरकारी कागद तरी निर्मळ असतो का? ज्या सातबाऱ्यावर आपण डोळे झाकून विश्वास ठेवतो, त्याच्या दुरुस्तीचे अर्ज तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत साचलेले असतात. चूक होते म्हणून कुणी सातबारा फेकून देत नाही; फेरफार करतो. आठवणीचाही फेरफार करता येतो, अट एवढीच की आधी ती नोंदवलेली हवी. मुंबईच्या गिरणगावात मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी हे करून दाखवलं: शंभरच्या आसपास माणसांना बोलतं करून त्यांनी गिरणगावाचा इतिहास लिहिला. त्यात हळहळ आहे, पण पगार आहे, संप आहे, खोलीचं भाडं आहे. आपल्याकडे साखरपट्ट्याचा इतिहास म्हणजे अध्यक्षांची तैलचित्रं आणि गाळपाचे आकडे.

७. धरणग्रस्ताला नाव आहे

याच इंदापूर तालुक्याच्या दुसऱ्या कडेला उजनीचं पाणी आहे. १९८०मध्ये धरण पुरं झालं आणि भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ वर येतं, लोक गाड्या काढून बघायला जातात, फोटो छापून येतात. तिथून उठलेल्यांचे हाल थोडे झाले नाहीत. तरी एक गोष्ट त्यांच्याकडे आहे: त्यांना नाव आहे. ‘धरणग्रस्त’, ‘प्रकल्पग्रस्त’. महाराष्ट्राने पुनर्वसनाचा कायदा १९७६मध्येच केला. दाखला मिळतो, नोकरीत समांतर आरक्षण मागता येतं, मोर्च्याच्या फलकावर लिहायला शब्द मिळतो.

मळ्याच्या चाळीतून उठलेल्याला काय म्हणायचं? तो विस्थापित नाही, कारण त्याचं स्थान कधी मान्यच नव्हतं. तो अतिक्रमणवाला नाही, कारण त्याला तिथे बोलावून ठेवलं होतं. तो भाडेकरू नाही, कूळ नाही, मालक नाही. या स्थितीला मराठीत शब्द नाही, आणि शब्द नाही म्हणून तहसील कचेरीत त्याच्यासाठी खिडकी नाही. ‘मनं मोठी होती’ हे वाक्य इथे नुकसान करतं. जे दाव्याच्या भाषेत मांडायला हवं ते आपण स्नेहसंमेलनात वाटून टाकतो, टाळ्या घेतो आणि घरी जातो.

८. खोल्यांची यादी

म्हणून गेल्या वर्षी मी आणि आमच्या चाळीतले दोघे, तिघेही आता पन्नाशीपुढचे, एका वहीत यादी करायला बसलो. खोलीचा नंबर, कोण राहायचं, कामाचा हुद्दा, कुठून आले, कोणत्या सालापासून, खोली सोडली तेव्हा कुठे गेले. हजेरीकार्डं दोघांकडे निघाली. शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर जन्मस्थळ म्हणून मळ्याचं नाव आहे. चाळीचा सरकारी शिक्क्याचा तेवढाच पुरावा हाती लागला.

खोली एक: पाटकरी. रात्री दारं धरून आलेला सकाळी झोपायचा, म्हणून आम्ही गोट्या ओळीच्या दुसऱ्या टोकाला खेळायचो. मूळ गाव माण तालुक्यात. खोली सोडल्यावर मुलीकडे, फलटणला.

खोली चार: फिटर. रेडिओ पहिल्यांदा यांच्याकडे आला. साल नक्की नाही.

खोली पाच: फिटर वारल्यावर त्यांच्या बायकोला काही दिवस या खोलीतल्यांनी ठेवून घेतलं होतं. किती दिवस, यावर आमचं जमलं नाही. एक म्हणतो महिना, मी म्हणतो पावसाळाभर.

खोली सात: एकाच्या मते बॉयलरवरचं कुटुंब, दुसऱ्याच्या मते ती कायम कुलपात होती. यावरून आवाज चढले. शेवटी तिथे पेन्सिलीने लिहून ठेवलंय, आणि सातमध्ये राहिलेलं कुणी भेटतं का ते पाहतोय.